समुद्रकाठचे घर आणि एकसष्ट दिवस



गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. पुढे दोन कुटुंबे बोलत होती. एकांनी गुहागरजवळ समुद्र दिसणारा प्लॉट बघून ठेवला होता. दुसऱ्यांचे लक्ष अलिबागच्या बाजूला होते, कारण आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जाता येते. एवढ्यात तिसरे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, कोकणात काय ठेवलंय? त्याच पैशांत स्पेनला भूमध्य समुद्राकाठी फ्लॅट मिळतो, पाणी चोवीस तास." मसालेभाताची पळी ताटात पडेपर्यंत चर्चा रंगली, आणि मग एक वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमचं दापोलीकडे घर होतं ना? तुमचा अनुभव काय?"

मागे रांग खोळंबली होती. "लिहून सांगतो," म्हणालो आणि पुढे सरकलो. दिलेला शब्द पाळावा म्हणून हा लेख. तो कायद्याचा सल्ला नव्हे. त्यासाठी वकील आणि हिशेबनीस आहेत. हे एका सभासदाचे मत आहे, आणि ते पहिल्याच पानावर सांगून टाकतो: इथे राहून तिकडे समुद्रकाठी नवे घर विकत घेऊ नये, वर्षातले निदान तीन महिने तिथे खरोखर राहणार असाल तरच घ्यावे. आणि गावाकडे वडिलार्जित घरात किंवा जमिनीत आपला वाटा असेल, तर नव्या घराच्या आधी त्याच्याकडे बघावे.

आता आमचा हिशेब. २०१२ साली आम्ही दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, एक फ्लॅट घेतला. किंमत २४ लाख रुपये. तेव्हा एका कॅनेडियन डॉलरला ५३ च्या आसपास रुपये मिळत, म्हणजे सुमारे ४५ हजार डॉलर झाले. २०२१ साली तो ३१ लाखांना विकला. "सात लाख सुटले की!" असे सगळे म्हणाले. पण मुद्रांक शुल्क, नोंदणी, फर्निचर, सोसायटीची वर्गणी, देखभाल करणाऱ्याचा पगार आणि दुरुस्त्या मिळून साडेआठ लाख गेले होते. म्हणजे दीड लाखाचा तोटा, आणि ४५ हजार डॉलर नऊ वर्षे तिथे अडकून पडले ते वेगळेच.

हा तोटा काही बुडवणारा नव्हता. मला लागली ती दुसरीच गोष्ट. विक्रीनंतर सौ.ने आपल्या जुन्या डायऱ्या काढल्या आणि आम्ही त्या घरात किती दिवस राहिलो ते मोजले. नऊ वर्षांत पाच फेऱ्या, एकूण एकसष्ट दिवस. त्यातले एकोणीस दिवस नळवाला, वीज मंडळाचे कार्यालय, सोसायटीची मीटिंग, बँकेतले केवायसी आणि गंजलेला गीझर यांत गेले. उरले बेचाळीस. नऊ वर्षांत बेचाळीस संध्याकाळी आम्ही समुद्र पाहिला.

यात कुणी आम्हाला फसवले असे नाही. घर चांगले होते, कागद स्वच्छ होते, शेजारी भला होता. चुकीची होती ती आमची समजूत. घर घेतले की आपले जाणे वाढेल असे वाटत होते. जाणे वाढते ते रजा वाढली तर, मुलांच्या शाळेचे वेळापत्रक जुळले तर, आणि मुंबईला उतरल्यावर पहिले दहा दिवस नातेवाइकांत गेले नाहीत तर. आपल्यापैकी नोकरी करणाऱ्या कुणाला दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त रजा मिळते? त्यात पुण्याची आई, ठाण्याची बहीण, एक लग्न, एक मुंज, आणि उरलेच तर समुद्र.

बंद घर म्हणजे काय हे ज्यांनी कोकण पाहिले आहे त्यांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर पाऊस, भिंतींना बुरशी, कपाटाला वाळवी. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या आणि एसीचे बाहेरचे यंत्र दोन-तीन वर्षांत खलास होते. माणूस राहता असला की हे सगळे रोजच्या रोज निस्तरले जाते. बंद घरात ते साठत राहते आणि आपण गेल्यावर एकदम पुढ्यात येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या इमारतीचे पत्रे उडाले. करोनामुळे इथून विमानाने जाण्याची सोयच नव्हती. तीन आठवडे वीज नव्हती. शेजारच्या माणसाने आमच्या घरातले पाणी उपसले, आणि त्याच्या स्वतःच्या वाडीतली पन्नास झाडे पडली होती. त्याला फोनवर "आमच्या गाद्या वाळत घाला" असे सांगताना मला लाज वाटली. तेव्हाच विकायचे ठरले.

आता रांगेतल्या त्या तिसऱ्या गृहस्थांच्या स्पेनकडे वळू, कारण तिथे काय होते ते पाहिले की कोकणातलेही जास्त स्पष्ट दिसते. स्पेनने २०१३ साली कायदा केला की पाच लाख युरोची मालमत्ता घेणाऱ्याला राहण्याचा परवाना मिळेल. घरांच्या किमती भडकल्यावर ती सवलत ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. आता कॅनडाच्या पासपोर्टवर, वेगळा परवाना नसेल तर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, मग तिथे तुमचे घर असो वा नसो. शिवाय घर भाड्याने न देता नुसते स्वतःसाठी ठेवले तरी तिथे न राहणाऱ्या मालकाला दरवर्षी त्यावर उत्पन्न धरून कर भरावा लागतो. आणि त्याच किनाऱ्यावर, आल्मेरिया प्रांतातल्या व्हेरा गावी, जानेवारी २००८ मध्ये एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचे घर सरकारी यंत्रांनी पाडले. घराला नगरपालिकेची परवानगी होती. पण प्रादेशिक सरकारने आक्षेप घेतला आणि ती परवानगी टिकली नाही.

"तिकडे परक्यांना असेच वागवतात," असे म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे केरळात कोचीजवळ मराडू येथे पाण्याकाठी चार गृहसंकुले होती, साडेतीनशेच्या आसपास फ्लॅट. किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून बांधली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती पाडायला सांगितली, आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी सुरुंग लावून ती खाली आणली. त्यांनाही स्थानिक संस्थेची परवानगी होती. न्यायालयाने प्रत्येक मालकाला तात्पुरती २५ लाखांची भरपाई देवविली, पण आयुष्याची पुंजी घातलेल्यांचे तेवढ्यावर भागत नाही.

हा किनाऱ्याचा नियम आपल्या कोकणालाही आहे. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, नंतर २०११ आणि २०१९ ची. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो. खेड्यापाड्यांच्या किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम मुळात वर्ज्य होते. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ते अंतर ५० मीटरांवर आणण्याची तरतूद केली, विरळ वस्तीच्या गावांसाठी २०० कायम ठेवले. कोणते गाव कशात बसते हे किनारपट्टीच्या मंजूर नकाशावर ठरते, एजंटच्या तोंडावर नाही. "पावलावर समुद्र" अशी जाहिरात वाचली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: किती पावले?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि तिच्यात आपली मंडळी सर्वांत जास्त अडकतात. परदेशी राहणारा भारतीय नागरिक असो किंवा कॅनडाचा पासपोर्ट घेतलेला ओसीआय कार्डधारक असो, त्याला भारतात घर, फ्लॅट किंवा बिनशेती प्लॉट विकत घेता येतो. शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्राने घेता येत नाही. हा परकीय चलनाच्या कायद्याचा, म्हणजे फेमाचा नियम. त्याशिवाय महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला मुळातच आडकाठी आहे. आणि कोकणातले स्वप्न कसले असते? चिऱ्याचे घर, पुढे अंगण, मागे वाडी, वाडीत दहा नारळ, पाच हापूस आणि एक विहीर. ती वाडी सातबाऱ्यावर शेतीच असते!

मग एजंट सुचवतो, "मेव्हण्याच्या नावावर घ्या, पैसे तुम्ही पाठवा." कृपा करून असे करू नका. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. १९८८ चा बेनामी कायदा १ नोव्हेंबर २०१६ पासून कडक झाला आहे. मालमत्ता सरकारजमा होऊ शकते आणि सात वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याचे बाजूला ठेवले तरी मेव्हणा आज चांगला आहे, त्याची मुले उद्या तशीच असतील याची हमी कोण देणार? दोन घरांतले संबंध दहा गुंठ्यांपायी तुटलेले मी पाहिले आहेत. गुंठे परत मिळाले नाहीत आणि माणसेही.

पैशाचे गणितही नीट समजून घ्यायला हवे. "कोकणातल्या जागा सोन्यासारख्या वाढतात" हे वाक्य रुपयांत खरे असेल. पण आपण कमावतो डॉलरमध्ये आणि म्हातारपणी खर्च करणार तोही डॉलरमध्ये. १९९० साली कॅनेडियन डॉलरला पंधराएक रुपये मिळत. आज साठाच्या पुढे मिळतात. म्हणजे तेव्हा घेतलेली जागा आज रुपयांत चौपट झाली असेल तर डॉलरमध्ये ती जिथल्या तिथे आहे. चौपटीच्या वर जे गेले तेवढीच खरी वाढ.

विकताना काय होते तेही ऐका. विकणारा परदेशस्थ असला की घेणाऱ्याला किमतीतून आयकर कापून सरकारात भरावा लागतो. विकण्यापूर्वी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढला नाही, तर प्रत्यक्षात ही कपात नफ्यावर न होता पूर्ण किमतीवर होते. आम्हाला हे माहीत नव्हते. आमच्या ३१ लाखांतून सुमारे साडेसहा लाख कापले गेले. त्या वेळच्या महागाई निर्देशांकाच्या हिशेबाने आमचा कर शून्य निघत होता, तरी विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळायला दीड वर्ष लागले. २३ जुलै २०२४ पासून नियम बदलला. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर आता साडेबारा टक्के कर आहे, आणि महागाईची सूट गेली. जुन्या घरांसाठी जुन्या पद्धतीने हिशेब करण्याची मुभा भारतात राहणाऱ्यांना दिली आहे, आपल्याला नाही.

इकडे कॅनडा सरकार जगभरातल्या उत्पन्नावर कर लावते. तिकडच्या नफ्यातला निम्मा भाग इथे करपात्र धरतात. तिकडे भरलेल्या कराचे श्रेय मिळते, पण दाखवावे लागतेच. परदेशातली मालमत्ता एक लाख डॉलरपेक्षा जास्त खर्चाची असेल आणि ती भाड्याने देत असाल, तर टी-११३५ नावाचा फॉर्म दरवर्षी भरायचा असतो. निव्वळ स्वतःच्या वापराचे घर यातून सुटते. फॉर्म विसरला तर दिवसाला २५ डॉलर, २,५०० पर्यंत दंड. आणि ज्याचा विचार कुणीच करत नाही ते हे: आपण गेलो की कॅनडाच्या कायद्याने त्या दिवशी आपली सर्व मालमत्ता बाजारभावाने विकली असे धरतात, तिकडचे घरही. पती किंवा पत्नी मागे असेल तर हे बहुधा पुढे ढकलता येते, पण दोघेही गेल्यावर नाही. म्हणजे घर विकलेले नाही, हातात पैसा नाही, आणि मुलांना कराचे बिल. ज्या मुलांना सातबारा म्हणजे काय हे ठाऊक नाही, ज्यांना तलाठ्याशी चार वाक्ये मराठीत बोलता येत नाहीत, त्यांच्यासाठी आपण ठेव ठेवतो आहोत की घोर?

एवढे वाचून काही मंडळी म्हणतील, "यांना सगळ्यातच काळे दिसते." तसे नाही. आमच्या ओळखीचे एक जोडपे आहे. दोघे निवृत्त झाले, डिसेंबरात जातात, होळी करून परत येतात. घर तालुक्याच्या गावात, बाजारपेठेजवळ घेतले, समुद्रापासून सात किलोमीटर. शेजारी सख्खी बहीण. आजार उद्भवला तर गाडी आणि डॉक्टर हाताशी. ते सुखात आहेत, कारण ते तिथे खरोखर राहतात. इथले गोरे लोक हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात तसाच हा प्रकार, आणि तो चांगला आहे.

फक्त त्यांनी दिवसांचा हिशेब ठेवला आहे, तो सर्वांनी ठेवावा. ओंटारियोत राहणाऱ्यांना कोणत्याही बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास ओहिप धोक्यात येते. इतर प्रांतांचे नियम आपापले. वयाच्या अठराव्या वर्षानंतर कॅनडात वीस वर्षे काढलेली असतील तर वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, म्हणजे ओएएस, कुठेही राहिलात तरी चालू राहते. वीस वर्षे भरली नसतील तर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यावर ते थांबते. आणि कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी जीआयएस ही पुरवणी सहा महिन्यांनंतर सर्वांचीच थांबते. ज्यांचे आईवडील उतारवयात इकडे आले त्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. तिकडच्या दवाखान्याचा खर्च ओहिप जवळजवळ देतच नाही, तेव्हा प्रवासाचा विमा हवाच.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. वर सांगितले की शेतजमीन आपल्याला विकत घेता येत नाही. पण वारसाहक्काने ती मिळू शकते. ओसीआय असलात तरी वडिलांची, आजोबांची वाडी वारसाने तुमच्याकडे येते आणि तुम्ही ती ठेवू शकता. विकायचीच झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणजे जी वाडी लाखो डॉलर मोजून मिळणार नाही, ती आपल्यापैकी कितीतरी जणांची आधीच आहे. आणि आपण मात्र बिल्डरच्या जाहिराती बघत बसलो आहोत!

आमचेच उदाहरण देतो. गुहागर तालुक्यात आमचे जुने घर आहे, समुद्रापासून डोंगर ओलांडून दीड तासाच्या पायवाटेवर. आजोबांच्या नावाचा सातबारा. त्यांना जाऊन चाळीस वर्षे झाली होती, तरी वारसनोंद झालेली नव्हती. आम्ही दापोलीला २४ लाख घातले तेव्हा त्या घराच्या कौलांतून पाणी गळत होते आणि एक विधवा काकू एकट्या तिथे राहत होत्या. मी पाच फेऱ्यांत तिथे दोनदा गेलो, तेही दुपारच्या जेवणापुरता. काकूंनी एकदाही तक्रार केली नाही. "तुमचं नवं घर छान आहे म्हणे," एवढेच म्हणाल्या. ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

फ्लॅट विकल्यावर आम्ही भावंडे बसलो. वारसांची यादी केली तर चौदा नावे निघाली: पुणे, डोंबिवली, नागपूर, ऑस्ट्रेलिया आणि इथे आम्ही. दोन वर्षे लागली, पण फेरफार होऊन चौदाच्या चौदा नावे सातबाऱ्यावर चढली. जमीन वाटून घेतली नाही. छप्पर मात्र वर्गणी काढून नवे केले, न्हाणीघर बांधले. आता जाणारा आधी फोन करतो आणि काकूंकडे उतरतो. मी गेल्या फेरीत अकरा दिवस सलग राहिलो. समुद्र बघावासा वाटला तेव्हा गुहागरला जाऊन एका घरगुती निवासात दोन रात्री काढल्या. सकाळी पैसे दिले आणि निघालो. गीझर त्यांचा, गंज त्यांचा, वाळवीही त्यांचीच.

यातून चार गोष्टी सुचवतो.

एक. आपल्या गावचा सातबारा आणि आठ-अ आजच बघा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तो इथे घरबसल्या दिसतो. गाव, तालुका आणि गट क्रमांक किंवा आजोबांचे नाव माहीत असले की पुरे. माहीत नसेल तर ज्यांना माहीत आहे ते अजून आहेत तोवर विचारून घ्या.

दोन. वारसनोंद करून घ्या. नोंद नाही म्हणून हक्क जात नाही, पण प्रत्येक पिढीगणिक नावे दुप्पट होतात, पत्ते हरवतात, आणि शेवटी सोडवणाऱ्याची उमेद संपते.

तीन. माहेरवाशिणींसाठी खास. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. गावाहून हक्कसोड पत्र सहीसाठी आले तर वाचून, समजून, मग ठरवा. भावाला प्रेमाने द्यायचे असेल तर अवश्य द्या, पण काय देतो आहोत हे माहीत असू द्या.

चार. मुखत्यारपत्र देताना एकाच कामापुरते द्या, सर्वाधिकाराचे देऊ नका. ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडा अपॉस्टील करारात आला आहे, त्यामुळे प्रांतिक कार्यालयाचा शिक्का घेतलेला कागद भारतात चालतो. महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला विसरू नका.

एवढे करूनही ज्यांना नवे घर घ्यायचेच आहे त्यांनी एक करावे. आधी एका हिवाळ्यात त्याच गावात तीन महिने भाड्याने राहून बघावे. रजा मिळत नसेल तर तेच आपले उत्तर समजावे. राहून झाल्यावरही हौस टिकली तर खुशाल घ्यावे: बिनशेतीचा आदेश, तीस वर्षांचा शोध अहवाल, किनारा नियमनाच्या नकाशावरची जागा आणि प्रकल्प मोठा असेल तर महारेराची नोंदणी तपासून, आणि पैसे आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून देऊन. रोखीने एक रुपयाही देऊ नये.

कोकणात आधीच बंद घरे पुष्कळ आहेत. शिमग्याला आणि गणपतीला उघडतात, एरवी कुलूप. मुंबईला गेलेल्यांनी ती बंद केली. आपण टोरांटोहून, व्हँकुव्हरहून जाऊन त्यांच्या शेजारी आणखी कुलपे लावून येण्यात काय मिळवणार? त्यापेक्षा जे घर उघडे आहे, जिथे कुणीतरी संध्याकाळी दिवा लावते आहे, त्याचे छप्पर शाबूत राहील एवढे आपण केले तर ते जास्त.

हे माझे मत. ज्यांनी समुद्रकाठी घर घेतले आणि जे सुखात आहेत त्यांनी, आणि ज्यांचा अनुभव आमच्यासारखा आहे त्यांनीही, पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे. आणि रांगेतल्या त्या वहिनींना विनंती: घर घेतलेच तर किल्ली करण्याआधी डायरी करा, आणि राहिलात ते दिवस त्यात मांडत जा.

— एक सभासद, मिसिसागा